ओवी झोपेना म्हणून कोल्हापूर

गगनबावड्यात माझं छोटं पाळणाघर आहे. तिथून मी कोल्हापूरला निघाले ती फिरायला नव्हे, एका वाक्यासाठी. पाळणाघरांच्या परवान्याचे नियम नव्याने लिहिले जात होते आणि मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मसुद्यात होतं, 'दुपारी एक ते तीन या वेळेत सर्व बालके निद्रिस्त असणे बंधनकारक राहील.' तपासणीत एक जरी बालक जागं सापडलं तरी परवाना रद्द! आणि माझ्याकडे अडीच वर्षांची ओवी आहे. तिला दुपारी झोपलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

ओवीची आजी, शालनकाकू, म्हणाल्या, "जनतेला बोलवलंय न्हवं? मग आम्ही दोघी बी येणार. आम्ही जनताच हाय की!"

सकाळची एसटी धरली. घाटमाथ्यावर धुकं, खाली उतरलं की ऊस, मग आणखी ऊस. बायकांना अर्धं तिकीट, ओवी फुकट. तिने बराचसा प्रवास कंडक्टरच्या खांद्यावरून केला. तुम्ही जाणार असाल तर रंकाळा स्टँडला उतरा आणि शाहूपुरीला रिक्षा करा. सुनावणी तिथल्याच एका सभागृहात होती. त्याआधी जवळच मिसळ खाल्ली. सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. वरचा तिखट कट जपून मागा. मी जपून मागितला नाही आणि पुढचा अर्धा तास नाक पुसत होते.

दुपारी दोनला सुनावणी सुरू झाली. पाळणाघरवाल्या, आईबाप, पन्हाळ्याहून आलेल्या एक शिक्षिका, आणि समोर कडक इस्त्रीतले साहेब. माझी पाळी आली. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, काही मुलं झोपतच नाहीत."

"असं कसं?" साहेब गोड हसले. "शांत वातावरण दिलं की मूल झोपतंच."

काकू उठल्या. "व्हय? मग हिला झोपवा की!" आणि ओवी साहेबांच्या मांडीवर.

आता साहेबही माघार घेईनात. त्यांनी शिपायाला दिवे मालवायला सांगितले. पडदे ओढले गेले. पंख्याची घरघर तेवढी राहिली. पन्हाळ्याच्या बाई हळू आवाजात गुणगुणू लागल्या. साहेब ओवीला थोपटत होते, एका लयीत. जेवण करून आलेलं सभागृह! आधी मागच्या रांगेतले एक आजोबा पेंगले. मग टिपणं घेणाऱ्या मॅडमची मान कलली. गुणगुणता गुणगुणता बाईंचाच सूर विरला. माझेही डोळे मिटले असावेत, कारण मी दचकले ती ओवीच्या आवाजाने.

साहेबांचा चष्मा तिच्या नाकावर होता. साहेबांची हनुवटी छातीला टेकली होती.

"गप्प बसा!" ओवी सगळ्यांवर ओरडली. "काका झोपलाय!"

साहेब खडबडून जागे झाले. मला वाटलं, आता संपलं, परवाना इथंच जाणार. त्यांनी चष्मा परत मागितला, ओवीने दिला नाही. मग ते मसुदा डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागले आणि स्वतःच हसायला लागले. "काय लिहायचं, तुम्हीच सांगा."

सभागृह एकदम बोलू लागलं. "झोपायची सोय असावी, सक्ती नको." "जाग्या पोराला कोपऱ्यात चित्रं द्या." साहेबांनी पेनाने 'निद्रिस्त' खोडलं. एवढा मोठा शब्द, एका रेघेत गेला. तिथेच त्यांनी नवं वाक्य लिहून मोठ्याने वाचून दाखवलं: 'विश्रांतीची सोय असावी.' काकूंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

संध्याकाळच्या एसटीने परतलो. नवऱ्याने विचारलं, "रंकाळा बघितला? अंबाबाईला गेलीस?"

"नाही. एक साहेब झोपलेला बघितला."

"ते बघायला कोल्हापूरपर्यंत कशाला जायला पाहिजे?"

मी खूप हसले. पण हरकती मागवणारी जाहिरात तुमच्या गावात लागली तर जा, खरंच जा. नियम पावसासारखे वरून येतात आणि आपण फक्त भिजायचं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या रात्री मात्र मी परवान्याचा विचार न करता झोपले.