साईनाथचा टेंपो आणि रुचिताचा उजवा हात

चौक गावात हायवेच्या कडेला माझ्या धाकट्या भावाचं, साईनाथचं गॅरेज हाय. लोकांच्या गाड्या नव्यासारख्या करून देईल, पण स्वतःच्या टेंपोचं नाव काढू नका! दहा वर्षं स्टेअरिंग डावीकडं ओढतंय. "शकूताई, गिऱ्हाईक आधी," म्हणायचा. "मर मग तसाच," मी म्हणायची.

त्याची पोरगी रुचिता त्याच टेंपोवर गाडी शिकली. स्टेअरिंग सारखं उजवीकडं दाबून धरायचं, तेव्हा कुठं टेंपो सरळ जायचा.

मग ती एनडीएची लेखी पास झाली. तिला विमानच उडवायचं होतं, म्हणून म्हैसूरला मुलाखतीला गेली. तिथं हातापायाचा ताळमेळ मशीनवर तपासतात, गुण देतात. ही चाचणी जन्मात एकदाच. नापास झालं की विमान कायमचं विसरायचं.

दुपारी तिचा फोन आला, आवाज रडवेला. "बाबा, हातातल्या दांड्यानं पडद्यावरचा ठिपका मधोमध ठेवायचा होता. माझा हात सारखा उजवीकडंच जात होता. निकाल संध्याकाळी हाय."

साईनाथच्या हातातला पाना खाली पडला. "ताई, माझ्या आळसापायी पोरीचं वाटोळं झालं गं!" मला रागही आला नि गलबलूनही आलं. तो तसाच टेंपोखाली शिरला. बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवतंय, ऐकेल तर शप्पथ. पाच वाजता बाहेर आला तेव्हा स्टेअरिंग सरळ झालं होतं.

साडेसहाला पुन्हा फोन वाजला. "बाबा, पास! आधी गुण गेले, पण मग तुमी आठवलात. गिऱ्हाइकाची गाडी घेतली की तुमी क्षणभर हात सोडून बघता ना, कुठं ओढते ते? मी तसाच दांडा सोडला. मशीन कुठंच ओढत नव्हतं, माझाच हात ओढत होता. तिथून सावरलं."

मी देवापुढं साखर ठेवली. बाई गं, छातीवरचा धोंडाच उतरला!

चार दिवसांनी रुचिता घरी आली नि टेंपो काढला. घरचाच टेंपो, हात सोडून तपासतंय कोण? दहा पावलांवर उजवीकडच्या कुंपणात घुसली.

"बाबा, काय केलंत याला?"

"नीट केला गं," साईनाथ म्हणाला, नि हसता हसता रडायलाच लागला.