मिक्सरवाल्या काकूंचं दत्तक

"पुढं बोला."

समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की काकू हे म्हणायच्या. त्यात तुसडेपणा नसायचा. एस.टी. लागलेली असावी आणि निरोप देणारा हात सोडत नसावा, तसं त्यांचं कायम चाललेलं असे. उभ्या असल्या तर या पायावरून त्या पायावर. बसल्या तर समोरचं जे काही असेल ते हातात घेऊन त्याचे स्क्रू चाचपत. माझ्या ऑफिसातल्या टेबलफॅनची जाळी त्यांनी न सांगता कितीदा घट्ट केली असेल याचा हिशेब नाही.

आमच्या परंड्यात सगळे त्यांना मिक्सरवाल्या काकू म्हणत. नाव सांगत नाही, कारण चारचौघांत कुणी नाव घेतलेलं त्यांना आवडत नसे. तुमच्यापैकी कुणी परंड्याच्या स्टँडवर उतरून किल्ल्याकडे चालत गेलं असेल, तर डाव्या हाताच्या अरुंद दुकानात त्यांना पाहिलंही असेल. कपाळाला विभूतीची बोटं, पदर कमरेला खोचलेला, आणि पुढ्यात कुणाचा तरी उघडा मिक्सर.

दुकान मुळात नवऱ्याचं. तो मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. एक दिवस सामान आणायला म्हणून कुर्डुवाडीला गेला तो परत आलाच नाही. दुकानात लोकांच्या वस्तू तशाच पडलेल्या. बायका येऊन आपापला मिक्सर मागू लागल्या. काही दिवस काकूंनी "उद्या या" म्हणून काढले, मग एक मिक्सर उघडून बसल्या. तो जळाला. त्याच्या पुढचा चालला.

"नवरा गेला म्हनून रडायला फुरसतच न्हाय गावली. बायका दारात हुभ्या," असं त्या सांगायच्या, आणि ऐकणाऱ्यानं हळहळायच्या आत म्हणायच्या, "पुढं बोला."

त्यांची धाकटी बहीण लोहारा तालुक्यात, माकणीला दिलेली होती. ती काविळीनं गेली तेव्हा तिची मुलगी शिवानी जेमतेम चालायला लागली होती. शिवानीच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि "थोडे दिवस ठेवा" म्हणून पोरीला काकूंकडे आणून सोडलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. शिवानी काकूंना मावशी म्हणे, दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यास करी, आणि मावशीच्या हाताला लागलेलं ग्रीस पाहून नाक मुरडी.

माझं ऑफिस त्याच रस्त्याला. मी परंड्याच्या कोर्टात वकिली करते. एका दिवाळीनंतर काकू सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वकीलबाई, पोरगी माझी करून द्या."

"म्हणजे दत्तक?"

"व्हय, तेच. कागदावर."

झालं होतं असं, की दिवाळीला शिवानीचे वडील आले होते. कापडं आणली, फराळ केला, आणि निघताना सहज म्हणाले, "मंडळीला आता काम होत न्हाय. पोरगी मोठी झालीय, हातभार लावील. शाळा काय, तिकडंबी हाय." माणूस वाईट नव्हता. बाप होता, त्याचा हक्कच होता. पण त्या दिवसापासून दुकानापुढं जीप थांबली तरी काकूंच्या हातातला पाना खाली पडे. बाजारात कुणी तरी त्यांना सल्ला दिला होता, की बाँडवर लिहून घ्या, नोटरीचा शिक्का मारा, झालं दत्तक.

"तसं होत नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघी हिंदू दत्तक कायद्यात बसता. आई नाही, तेव्हा देणार वडील. त्यांनी प्रत्यक्ष द्यायला पाहिजे, तुम्ही घ्यायला पाहिजे. त्याचा दस्त नोंदवायचा. आणि मुलीला पंधरा पूर्ण व्हायच्या आत."

"आत्ता चौदावं सरत आलंय. पुढं बोला."

"आणि तुमचं लग्न."

"त्याचं काय?"

"नवरा हयात असेल तर त्याच्या संमतीशिवाय बाईला दत्तक घेता येत नाही."

पहिल्यांदाच काकू "पुढं बोला" म्हणाल्या नाहीत. टेबलावरची घंटी त्यांनी उचलली, उलटी केली, तिचा स्क्रू नखानं फिरवला.

"जो मला न इचारता गेला, त्याला म्या इचारायचं?"

"कायदा तसा आहे."

"कुनी केला?"

काय सांगणार? काकूंनीच वाट काढली. "आन हयात नसला तर?"

मी सांगितलं, की सात वर्षं ज्याचा काही ठावठिकाणा नाही, त्याच्याबद्दल कोर्टाला तसं मानता येतं. पण ह्यांचा ठावठिकाणा नाही असं कसं म्हणणार?

"मला ठावं न्हाय," काकू म्हणाल्या. "पर अख्ख्या परंड्याला ठावं हाय. जो कुर्डुवाडीला जातो तो येऊन सांगतो, काकू, तुमचे मालक दिसले बरं का." थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "त्या सगळ्यांनी बघितलं न्हाय म्हनून सांगितलं तर?"

"काकू, कोर्टात खोटं बोलायचं?"

"पुढं बोला."

पुढं धड रस्ता म्हणजे घटस्फोटाचा. सोडून गेला म्हणून एकटीनं दावा लावला तर नोटिसा, तारखा, आणि तोवर पोरगी पंधराच्या पुढं. दोघांनी मिळून अर्ज केला तर लवकर सुटेल. नुसती संमती घेतली तरी कागद होईल, पण मग पोरीच्या नावामागं हा माणूस कुठं तरी चिकटून राहील, असंही मी सांगितलं.

"न्हाय न्हाय," काकू म्हणाल्या. "त्याचं काय नको. तुटू द्या. रविवारी चला माझ्यासंगं. कायद्याचं तुमी बोला."

अशिलाबरोबर मी कधी जात नाही. पण त्यांच्या त्या पाय बदलत उभं राहण्यापुढं नाही म्हणणं अवघड होतं. कुर्डुवाडीच्या गाडीत जागा असूनही त्या दाराजवळ दांडा धरून उभ्या राहिल्या. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं, मग त्यानंही नाद सोडला.

स्टेशनमागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये तो माणूस पंख्याचं वाइंडिंग करत बसला होता. केस पांढरे झालेले. आम्हाला पाहून त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"पोटगी मागायला आलीस व्हय?"

"मागायची असती तर तवाच मागितली असती," काकू म्हणाल्या. "सुटका पाहिजे. भनीच्या पोरीला दत्तक घेतेय."

मी कायद्याचं सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, "बघू. इचार करतो. एवढी घाई काय हाय?"

"मला हाय."

आतून एक बाई पाण्याचे तांबे घेऊन आली. तिच्या मागं शाळकरी पोरगा. तिनं सगळं ऐकलेलं असणार, चेहऱ्यावरूनच कळत होतं. काकूंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पाठीमागच्या फळीवर पाहिलं. तिथं एक मिक्सर धूळ खात होता.

"ह्याला काय झालंय?"

"फिरत न्हाय," बाई म्हणाली. "सांगून सांगून थकले. लोकांचं करतेत, घरचं बघत न्हाईत."

काकूंनी फळीवरून मिक्सर उतरवला, जमिनीवर बसल्या आणि पिशवीतला पाना काढला. नवरा स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यात गिऱ्हाइकासारखा उभा. मला वाटलं, आता उठावं आणि परतीची गाडी बघावी.

"सही करून टाका," ती बाई म्हणाली.

"तू गप."

"का गप? लोक इचारतात, तुमचं लगीन कुठं झालं. म्या काय सांगू? पोराचं नाव शाळेत घालताना माझी मान वर व्हत न्हवती. ताईंची सुटका व्हईल, माझीबी व्हईल."

काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी तळाचे स्क्रू आवळले, वायर लावली, बटण दाबलं. मिक्सर घरघरला आणि नीट फिरू लागला. तो बंद झाल्यावर नवरा म्हणाला, "कुठं यायचं ते सांगा."

येताना गाडीत काकू बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ती बाई चांगली हाय, न्हाय का?"

"पुढं बोला," मी म्हटलं. त्या हसल्या, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कोर्टात साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का. काकू म्हणाल्या, "न्हाय साहेब, पुढं बोला." आम्ही वकील मंडळी फायलीत तोंड घालून बसलो. साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, इतकी वर्षं वेगळे राहतात याची नोंद घेतली, आणि कायद्यातली सहा महिने थांबण्याची मुदत माफ केली. हुकूम झाला त्या दिवशी बाहेरच्या लिंबाखाली काकूंनी गळ्यातल्या मण्यांना हात लावून विचारलं, "ह्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. कायदा त्यावर काही बोलत नाही."

"चला," काकू म्हणाल्या, "एका ठिकानी तर गप हाय."

मला वाटलं, आता उरलं ते सोपं. शिवानीच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, काकूंना फोनवर आधीच होकार दिला होता. पण आम्ही माकणीला गेलो तर ते ओसरीवर बसून टोपी हातात फिरवत राहिले.

"तुमी सांभाळा की. म्या कवा न्हाय म्हनलो? कागद कशाला?"

"कागद न्हवता म्हनून तर तुमी दिवाळीला न्यायला आलता," काकू म्हणाल्या.

"पोरगी देऊन टाकली म्हनतील लोक. आई न्हाय, आन बापानंबी टाकली."

काकू ओसरीवरून अंगणात गेल्या, अंगणातून परत आल्या. त्यांचा आवाज चढत चालला होता. कायद्यानं पंधराच्या आत म्हटलंय, दिवस उरले न्हाईत, तुमी शब्द दिलता. ते ऐकत होते आणि टोपी फिरवत होते. दोघांच्या मधे शिवानी उभी होती. मी म्हटलं, "थांबा जरा. तू बोल ग."

शिवानीनं आधी माझ्याकडं पाहिलं. "म्या काय मिक्सर हाय का, ह्यांनी द्यायला आन तिनं घ्यायला?" मग जरा थांबून म्हणाली, "ऱ्हाणार मावशीकडंच. कागदबी करा. पर आण्णाची पोरगी न्हाय असं मला कुनी म्हनायला लावायचं न्हाय. आन हितं यायला कुनी अडवायचं न्हाय."

मी काकूंकडं पाहिलं. इतके दिवस धावून धावून ही बाई ज्याच्यामागं लागली होती, ते अर्धंच हाती येतंय असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या तोंडावर ते दिसलंही. त्या पुन्हा अंगणात गेल्या. गोठ्याच्या खुंटाला धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"अडवनार न्हाय," त्या म्हणाल्या. "पर शाळा बुडवून न्हाय."

आण्णा हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना टोपी लावली.

पंधरा पूर्ण व्हायला थोडे दिवस असताना, त्याच ओसरीवर, चार माणसांसमोर त्यांनी शिवानीचा हात काकूंच्या हातात दिला. "दिली," म्हणाले, पण त्यांचा हात काही सुटेना. काकूही ओढेनात. तिघांचे हात तसेच एकात एक. शेवटी आण्णांची बायको हळू आवाजात म्हणाली, "सोडा आता." दस्त नोंदवून झाला तेव्हा काकूंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि दोन्ही वेळा मधे थांबवलं नाही.

काकू मग स्वस्थ झाल्या असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. क्लासवरून यायला उशीर झाला की त्या दुकान उघडं टाकून स्टँडपर्यंत जात. शिवानी लातूरला नर्सिंगला गेली तेव्हा काकू तिथल्या हॉस्टेलच्या फाटकाशी इतक्यांदा गेल्या, की त्या बाजूचे पंखेही त्यांच्याकडं दुरुस्तीला येऊ लागले. त्या लातूरला निघाल्या की कळंबच्या गाडीत त्यांची आणि माझी गाठ पडे. "भेटायला न्हाय, सामानाला चाललेय," असं त्या सांगत. त्यांच्या पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी असे.

गेल्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. बार्शीला नेताना वाटेतच गेल्या. माती द्यायला लोक खूप जमले, त्यात ज्यांनी कधी मिक्सर आणून दिला होता अशा बायकाच जास्त.

सगळं उरकल्यावर काही दिवसांनी मी शिवानीला भेटायला गेले. दुकानामागच्या खोलीत आण्णा बसले होते. फार थकले होते.

"चल घरी," ते शिवानीला म्हणत होते. "आता हितं तुझं कोन हाय?"

शिवानी माझ्याकडं वळली. मला वाटलं, तिला कायदा ऐकायचा असेल. मी सांगायला लागले, की दत्तक एकदा झालं की मोडत नाही, घेणारं माणूस गेलं तरी मोडत नाही, काकूंच्या नावावरचं हे घर आता तुझं. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग आत गेली आणि पाण्याची कळशी घेऊन मोरीपाशी आली.

"आण्णा, हातपाय धुवा," ती म्हणाली. "भाकरी टाकतेय, जेवून जा. पंचमीला येते म्या माकणीला."

आण्णा उठले, टोपी काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवली, आणि पाव्हण्यासारखे अंग चोरून मोरीकडं गेले.