शेवंताबाईंच्या दुकानातला फोन

पैसे दिले की माल मिळतो, असा ज्याचा समज असेल तो नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीत नवा आहे हे आम्ही ओळखायचो. शेवंताबाईंच्या किराणा दुकानात आधी चौकशी व्हायची. कोणी रवा मागितला की, "काहून वं? कोण आलं?" पाहुणे माहेरचे असतील तर बारीक रवा निघे, सासरचे असतील तर जो हाताशी असेल तो. आमचे शेजारी बोरकर कचेरीत शिरस्तेदार होते. त्यांच्यापुढे लोक मान खाली घालून उभे राहत. त्यांनी एकदा भर गर्दीत पावभर तिखट मागितले. बाईंनी तराजू खाली ठेवला.

"तुले मूळव्याध हाये ना गा? परवाच तं इसबगोल नेला. तिखट काहून नेऊन राहिला?"

बोरकर रिकाम्या पिशवीने परतले.

सत्तरच्या दशकात शहराच्या सदर भागातल्या एका बड्या दुकानाने 'फोन करा, घरबसल्या सामान मिळवा' अशी योजना काढली. उद्घाटनाला बँड होता, आणि फीत कापायला एक मान्यवर होते, ज्यांनी जन्मात स्वतः मीठ विकत आणले नसावे. ते काही असो, आमची वस्ती हरखून गेली. निळी व्हॅन दारात येणार, गणवेशातला माणूस बंद पुडे हातात देणार आणि मुख्य म्हणजे एक शब्दही विचारणार नाही! बोरकरांच्या चेहऱ्यावर मला स्वातंत्र्यदिन दिसला.

अडचण एकच होती. आमच्या भागात फोन होता तो फक्त शेवंताबाईंच्या दुकानात. बाईंच्या नवऱ्याने अर्ज केला होता. फोन आला तेव्हा नवरा हयात नव्हता. बाईंनी फोनवर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि डायलला छोटेसे कुलूप. सदरला फोन करायचा तर बाईंकडूनच ते कुलूप उघडून घ्यायचे आणि त्यांच्याच गल्ल्याशेजारी उभे राहून दुसऱ्याच्या दुकानाला यादी सांगायची. लोक सांगतही. महिना सरला तरी बाईंची गुळाची ढेप कोरायची वेळ येईना. बाई आणि त्यांची धाकटी जाऊ, अशा दोन बायकांचे घर त्या दुकानावर चालत होते. जाऊ रडकुंडीला आली.

"बाई, ते कुलूप उघडूच नका. आपल्याच फोननं आपलं दुकान बसून राहिलं."

"अवं, मग कोणाच्या घरी काय शिजून राहिलं, मले कसं समजीन?"

शिवाय ऐकत नुसत्या बसतील त्या शेवंताबाई कसल्या! मध्येच रिसीव्हर ओढून घेत आणि सदरच्या कारकुनाला सांगत, "बोरकर तिखट म्हणते, पण त्याले देऊ नका गा. लिवलं? मंग खोडा." तो बिचारा खोडत असे.

अखेर त्या बड्या दुकानाचे शेठ स्वतः आले. मोटार, मागे दोन माणसे, हार, नारळ. मी तेव्हा काडेपेटी घ्यायला गेलो होतो आणि अर्थातच निघालो नाही. शेठ म्हणाले, "बाई, तुमचं दुकान आमची शाखा करू. पाटी आमची, माल आमचा. आलेले पुडे तुम्ही फक्त द्यायचे. दरमहा ठरलेली रक्कम घरपोच." जावेने तेवढ्यात त्यांच्यासाठी चहा टाकला होता. "अट एकच. गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही."

बाईंनी रिकाम्या होत चाललेल्या बरण्यांकडे पाहिले. मग शेठकडे.

"मंग मी दिवसभर करू काय?"

"काही नाही. बसून राहायचं."

"बसाले मले घर हाये."

हार परत गेला. नारळ मात्र बाईंनी ठेवून घेतला. जावेने त्या दिवसापासून बाईंशी अबोला धरला.

पुढे एकेका घरात फोन येऊ लागले. आता या दुकानाची पायरी कोण चढणार, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. बोरकरांचा पहिला. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिले, आम्हाला पेढे दिले आणि सदरला यादी सांगायला हात पुढे केला, तोच घंटा वाजली.

"बोरकर, शेवंता बोलून राहिली. आज काय शिजवता?"

बोरकरांनी उभे राहून उत्तर दिले. थोड्याच वेळात वस्तीतला दौलत रिक्षावाला दारात हजर, हातात तूरडाळ, गूळ आणि न मागितलेले जिरे. बाईंनी धाडले होते. पैसेही बोरकरांनी निमूट दिले.

मग ज्याच्या घरी फोन येई त्याचे नाव दुसऱ्या दिवशी बाईंच्या सकाळच्या फोनच्या फेरीत दाखल होई. सदरचे दुकान फोन येण्याची वाट पाहत बसे. बाई वाट पाहत नसत. दौलतच्या रिक्षात सवारीपेक्षा किराणा जास्त फिरू लागला, आणि जाऊ पुन्हा बोलू लागली, तीही पुड्या बांधता बांधता. निळी व्हॅन आमच्या बाजूला कधी यायची बंद झाली, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

एकदा मी सकाळी दुकानात गेलो तर बाई एकामागून एक घरांना फोन लावत होत्या, चेहरा नुसता फुललेला. म्हटले, "दमत नाही का हो तुम्ही?"

"दमाले काय झालं मास्तर?" डायल फिरवता फिरवता त्या म्हणाल्या. "आता तं लोकायच्या घरात घुसाले मले चप्पलबी घालावी नाही लागत."