नल्लकुंट्याच्या शाळेची गच्ची

नववीची सहल कुठे न्यायची यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन दुपारी वाद चालला. वॉटरपार्क नको, एवढ्यावरच एकमत होतं. शेवटी मी म्हटलं, हैदराबादला जाऊ. मुलं तिथल्या मराठी घरांत राहतील, शहर बघतील आणि तीन दिवस एका सरकारी शाळेत काम करतील. कल्पना माझी होती, त्यामुळे तिच्यातली चूकही माझीच.

पुण्याहून सकाळी लवकर गाडी धरली की दुपारी सिकंदराबाद. अशा सहलीला दिवसाचीच गाडी घ्या, मुलं खिडकीतून काहीतरी बघतात तरी. स्टेशनजवळून मेट्रोने नारायणगुडा आणि पुढे रिक्षाने बरकतपुरा. सामानासकट चोवीस मुलं असूनही हा प्रवास सोपा झाला.

मी आणि चार मुली कदमकाकूंकडे उतरलो. त्यांच्या सासऱ्यांचे वडील नांदेडकडची शेती सोडून इथे आले होते. जेवायला ज्वारीची भाकरी आणि चुक्याचं आंबटसर घट्ट वरण होतं, त्याला काकू पप्पू म्हणतात. "घे की गं अजून पप्पू. लाजायचं नक्को," त्या रुचाला म्हणाल्या. मुली खुदकन हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच 'नक्को' म्हणायला लागल्या.

रुचा आमच्या वर्गातली चित्र काढणारी मुलगी. तिथल्या सरकारी शाळेच्या लांब भिंतीवर काढायचं चित्र तिने महिनाभर खपून तयार केलं होतं. रंगाचे डबे आम्ही हैदराबादलाच घेतले आणि सकाळी जवळच्या नल्लकुंटा भागातल्या त्या शाळेत पोचलो.

मुख्याध्यापिकाबाईंनी रुचाचा कागद नीट, वेळ घेऊन पाहिला. मग आम्हाला भिंतीपाशी नेलं. तिथे एक मोर होता, म्हणजे त्याची मान आणि थोडा पिसारा. बाकीचा पोपडे धरून गळून पडला होता.

"पिछले साल कॉलेज के बच्चे आके रंगाए, मॅडम. उसके पहले भी कोई आए थे. पानी ऊपर से आरा ना, बारिश में सब झड़ जाता."

"मग फोनवर सांगितलं का नाहीत?" मी हिंदीत विचारलं.

"आप पूछे नै ना," त्या शांतपणे म्हणाल्या.

खरंच होतं ते. मी त्यांना आमच्या तारखा सांगितल्या होत्या, मुलांची संख्या सांगितली होती, चित्राचा फोटोसुद्धा पाठवला होता. तुम्हाला काय हवंय, हे विचारलं नव्हतं.

गच्चीवर गेलो. पाण्याच्या पाइपाचं तोंड पाल्याने बुजलेलं, भेगांतून पिंपळाची रोपं वर आलेली. न उघडलेले डबे दुकानदाराने परत घेतले आणि त्याबदल्यात गच्चीला लावायचं वॉटरप्रूफिंग दिलं. बाईंनी यादगिरी नावाच्या ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. मी मुलांना बेत बदलल्याचं सांगितलं, तेव्हा रुचा सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, मग चित्र काढायला का सांगितलंत? मी महिनाभर काय केलं?"

"माझं चुकलं, रुचा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती कठड्यापाशी जाऊन पाठ करून बसली. दुपारी तिच्या आईचा फोन आला. मुलं गच्ची झाडताहेत, हे त्यांना कळलं होतं. मी घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्याशी बोला, एवढंच."

मी बोलले, पण ती उठली यादगिरीमुळे. भेगा खरवडून सिमेंटचा मसाला भरायला त्याला हलका हात हवा होता. त्याने लोखंडी पट्टी तिच्यापुढे धरली. "आहिस्ते अम्मा, लाइन छोड़ना नै." संध्याकाळपर्यंत तिने निम्म्या गच्चीच्या भेगा भरल्या. चेहरा मात्र उतरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून झाल्यावर चारमिनारला गेलो. मेट्रोने एमजीबीएस स्टेशनला उतरा, तिथून चालत जा. इराणी चहा बशीत ओतून पिणं मुलांनी पाच मिनिटांत आत्मसात केलं. बांगड्यांच्या गल्लीत रुचा एका कारागिराजवळ उभी होती. तापल्या लाखेवर तो एकेक खडा बसवत होता. "हाताला चटके नाही बसत?" तिने विचारलं. त्याने हसून घट्टे पडलेली बोटं पुढे केली. ती बराच वेळ ती बोटं बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी पाइपाचं तोंड बंद करून गच्चीवर पाणी साठवलं. तीन तासांनी खाली रिकाम्या वर्गात जाऊन छत पाहिलं, तर कोपऱ्यात ओल दिसली. रुचानेच ती हेरली. ती वर गेली आणि यादगिरीबरोबर तो कोपरा पुन्हा उकरायला बसली. निघताना दुसऱ्यांदा पाणी साठवून पाहिलं. छत कोरडं होतं.

आम्ही परत आलो. पालकसभेत माझं कौतुक झालं, आणि मला ते आवडलंही. मग पावसाळ्यात मीच मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. छत गळत नाही, त्या म्हणाल्या. या वेळी मी शहाण्यासारखं विचारलं, "पुढच्या खेपेला काय काम करू?"

"काम नक्को, मॅडम. हमारे बच्चे पूछते, वो लोग तीन दिन ऊपर थे, नीचे क्यों नै आए?"

मी वर्गात हे सांगितलं. त्या तीन दिवसांत तिथली शाळा भरलेली होती, खालून पाढ्यांचा आवाज येत होता, आणि आम्ही डोक्यावर काम करत होतो. मग रुचाने विचारलं, "मॅडम, त्या मुलांची नावं काय आहेत?"

मला एकही सांगता आलं नाही.