मापवालीचा डूख

मापवालीचा राग उतू जाऊन मोकळा होणारा नव्हता. ती डूख धरायची. एका गिऱ्हाइकानं कधीकाळी तिची शिलाई बघून "चालवून घेऊ" म्हटलं होतं, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पँटचा खिसा तिनं बोटभर उथळ शिवला. बसल्या जागी त्याच्या किल्ल्या सांडायच्या आणि त्या बिचाऱ्याला अजून वाटतं की आपणच वेंधळे. तिचा नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडण्यापेक्षा गुन्हा कबूल केलेला बरा." बहुतेक वेळा तो तेच करायचा.

अशा बाईच्या वाकड्यात पुडीवाला शिरला, म्हणजे त्याचं नशीबच फुटकं.

त्याचं जडीबुटीच्या पुड्यांचं दुकान तिच्या शिवणाच्या दुकानासमोर, आणि वरच्या मजल्यावर तो आणि त्याची म्हातारी आई राहायचे. मापवालीची बोटं सकाळी सुजायला लागली, कात्री उघडेना, तेव्हा हा गोडबोल्या स्वतःहून रस्ता ओलांडून आला. "निव्वळ मुळ्या आहेत मावशी, झाडपाला. दुधातून घ्या आणि मला विसरून जा." दोनच दिवसांत कात्री पहिल्यासारखी चालायला लागली. मापवालीनं मग त्याची पुडी गावभर केली. नणंदेला दिली, बेकरीवाल्याला सुचवली, शाळेच्या शिपाईणबाईला तर हाताला धरून त्याच्या दुकानात नेलं.

वर्षं गेली तशी मापवाली बदलत गेली. तोंड गरगरीत झालं, पोट सुटलं, हातपाय मात्र काड्या. जरा कुठे धक्का लागला की कातडीवर जांभळा डाग. पुडी घेणाऱ्या इतरांचंही तसंच होत होतं आणि हे सगळ्यात आधी तिच्याच लक्षात यायला हवं होतं, कारण त्यांचे कोट कमरेत सोडायला तिच्याकडेच येत होते. मानेमागे मांस साठून कॉलर बसेनाशी व्हायची. आणि ही तोंडात टाचण्या धरून काय म्हणायची? "अंग धरलंय हो. पुडी मानवली तुम्हाला." अख्ख्या गल्लीच्या कॉलरी तिनं आपल्या हातानं सैल केल्या आणि त्यालाच बाळसं समजली.

मग एकदा पुडी आणायला उशीर झाला आणि तिला गरगरलं. तिनं पुडीवाल्याला तसं सांगितलं, तर तो चार गिऱ्हाइकांदेखत हसला. "मावशी, माझ्या पुडीशिवाय आता तुमचं पान हलायचं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या आणि वर नळ सोडला. थोड्याच दिवसांत तिला अन्न नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या, आणि एका दुपारी ती त्याच मोरीपाशी कोसळली. शुद्ध होती, पण नवऱ्याला हाक मारण्याइतकं बळ नव्हतं. गार फरशीवर गाल टेकून ती पडून राहिली आणि त्याच्या पावलांची वाट बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि ती बोलायला लागल्यावर सगळं विचारून घेतलं. "पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. उरलीसुरली असेल तर आणा, नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी आणा, तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. "हे बघा, मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. ताप आला, मार लागला, की शरीराला उभं ठेवणारं द्रव्य त्या बनवतात. तुम्ही वर्षानुवर्षं तशाच कामाचं औषध बाहेरून देत राहिलात, म्हणून त्यांनी काम सोडलं. आणि मग बाहेरचंही एका झटक्यात तोडलंत."

"मग आता?"

"आता मोजून गोळी द्यायची आणि सावकाश कमी करायची. मधूनमधून सकाळचं रक्त तपासू. ग्रंथी जाग्या होईपर्यंत घाई करायची नाही. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर आम्हाला विचारून डोस वाढवायचा. उलटीमुळे गोळी पोटात राहिना, तर तडक इथे यायचं. आणि ही बाई स्टेरॉइडवर आहे असं लिहिलेलं कार्ड कायम जवळ ठेवायचं."

मापवालीनं सगळं ऐकलं, पण तिच्या डोक्यात पुडीवाला ठाण मांडून बसला होता. "बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात उभी राहणार आहे मी," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगणार, पुड्या गटारात टाका. त्याचं दुकान एका दिवसात बसवते की नाही बघा."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "आणि सगळ्यांनी टाकल्या तर? तुम्हाला नवऱ्यानं वेळेत उचललं. सगळ्यांना कोणी तरी उचलेलच असं नाही. आधी त्यांना माझ्याकडे आणा. पुडीचा रिपोर्ट आला की औषधखात्याचे साहेब दुकानाला सील ठोकतीलच. तोवर त्याला कुणकुण लागू देऊ नका."

मापवालीला डॉक्टरीणबाईंचाही राग आला. सूडसुद्धा आता चमच्या-चमच्यानं घ्यायचा म्हणजे हद्द झाली. पण मोरीची फरशी तिच्या गालाला अजून आठवत होती, म्हणून तिनं ऐकलं.

मग तिनं कपडे घालून बघण्याच्या निमित्तानं एकेकाला बोलवायला सुरुवात केली. कॉलर नीट करायच्या बहाण्यानं मानेमागे हात फिरवायची आणि कानाशी म्हणायची, "पुडी एकदम टाकायची नाही. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आणि कुठे बोललास तर तुझी बाही उलटी लावीन."

नणंद सरळ यायला तयार नव्हती. "वहिनी, तूच म्हणालीस ना पुडी घे म्हणून?"

"म्हणाले. आता मीच म्हणतेय, चल."

"चुकलं असं तरी म्हण."

"ते तुझं रक्त तपासून झाल्यावर बघू."

समोरून पुडीवाला रोज आवाज द्यायचा, "काय मावशी, रुसलात का?" ती दात-ओठ खात हसायची आणि कापड असं फाडायची की तेवढ्या आवाजानं तो आत पळावा.

शेवटी बेकरीवाल्याच्या पोटात काही राहिलं नाही. तो कुठेसं बोलला, आणि औषधखात्याचे साहेब पोचायच्या आत पुडीवाला माल घेऊन पसार झाला. साहेबांना मिळाल्या त्या रिकाम्या फळ्या. मापवाली दुकानात बसून संतापानं रडली. इतके दिवस तोंडाला कुलूप घातलं ते कशासाठी?

आणि मग तिचं लक्ष खुंटीवरच्या राखाडी कोटाकडे गेलं. तो पुडीवाल्याच्या आईचा होता, कॉलर सैल करायला आलेला. म्हातारीचं माप घेताना मानेमागचा उंचवटा आणि काडीसारखे दंड हिच्या हाताला लागले होते. तरी तिला दवाखान्यात न्यायचं हिनं टाळलं होतं. तिला सांगितलं तर मुलाला कळेल, हे कारण होतं आणि ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं. आता मुलगा सगळा माल घेऊन पळाला त्याला चार-पाच दिवस झाले होते आणि वरची खिडकी सकाळपासून उघडली नव्हती.

"पडू दे," मापवाली मोठ्यानं म्हणाली. दुकानात कोणी नव्हतं. तिनं एक शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली, ती वाकडी आली. याच्याच पुडीनं याची आई जाईल, आणि त्यासाठी आपल्याला काडीही हलवावी लागणार नाही. इतका आयता सूड तिला जन्मात मिळाला नव्हता.

लोक सांगतात की तिला दया आली. दयाबिया काही नाही. तिच्या मनात आलं ते असं, की म्हातारी मेली तर हा चार दिवस रडेल आणि दुसऱ्या गावात पाटी लावेल. जगली तर बोलेल. पण जिना चढताना ती धावत का होती, ते मात्र तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

म्हातारी पलंगाखाली पडली होती. अंग गार, तोंडाशी उलटी. बेकरीवाल्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, वाटभर बेकरीवाल्याला शिव्या देत. दारातच मापवालीनं सांगून टाकलं, "पुडी घेत होती, आणि पुडी बंद पडली." डॉक्टरीणबाईंनी दुसरं काही विचारण्याआधी इंजेक्शन टोचलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी उशीला टेकून बसली. पायथ्याशी साहेब होते. आईची बातमी कळून पुडीवालाही आला होता, दाढी वाढलेला, कोपऱ्यात अंग चोरून उभा. साहेबांनी पुडीचं विचारलं, तर म्हातारी लपवायचं काही असतं हेच माहीत नसल्यासारखी सांगत गेली.

"हा पांढऱ्या गोळ्या आणायचा. मी कुटून मुळ्यांच्या पुडीत मिसळायचे. म्हणायचा, कॅल्शियम आहे आई, गुडघ्यांसाठी तूही घेत जा."

"त्या गोळ्यांनीच तुम्ही मरायला टेकला होतात," मापवाली म्हणाली. असलं वाक्य तिनं कित्येक दिवस जपून ठेवलं होतं, बाजारातल्या गर्दीसाठी. इथे ते हळू आवाजात निघालं.

म्हातारीनं मुलाकडे मान वळवली. तिला कोरडा खोकला आला. पुडीवाल्यानं घाईघाईनं पेला भरून पुढे केला. तिनं पेल्यात वाकून पाहिलं.

"यात काय घातलंयस?"

"पाणी आहे, आई. नुसतं पाणी."

"तेही नुसतं कॅल्शियमच होतं," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड मापवालीकडे फिरवलं. "तू दे गं."

मापवाली उठली. तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला, त्याच्यासमोर पाणी बेसिनमध्ये ओतलं, पेला विसळला आणि पुन्हा भरला. मग म्हातारीच्या मानेमागे हात घालून तिनं तिला पाणी पाजलं, घोट घोट, मुद्दाम सावकाश, त्याला शेवटपर्यंत बघता यावं म्हणून.