सासूबाईंचं नाक

फोन आला तेव्हा मी दादरला औषधाच्या दुकानात माशाच्या तेलाच्या गोळ्यांची नवी बाटली घेत होते. घरच्या बाटलीत सात-आठच उरल्या होत्या. "आई गेली गं," माझा नवरा महेश म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि दुकानदाराला विचारलं, याहून मोठी बाटली आहे का... असं का विचारलं, देव जाणे.

सव्वीस वर्षांपूर्वी मी गिरगावातून लालबागला लग्न होऊन आले, ती मासळीचा वास आला की नाकाला पदर लावणारी. माहेरी मासे शिजतच नसत. सासूबाई, शालिनीबाई, मूळच्या मालवणच्या. त्यांनी मला हाताला धरून बाजारात नेलं. "डोळे बघ, कल्ले बघ, मगे नाक लाव." डोळे आणि लाल कल्ले मी शिकले, पुढे बांगड्याचं तिखलंही त्यांच्यासारखं जमलं, पण नाकाचं काही जमलं नाही. मला सगळ्याच मासळीचा एकच वास येई. त्या भर बाजारात हसायच्या, "तुझा नाक गिरगावचा, तेका काय कळतला!" कोळणी त्यांना टरकून असत. टोपलीशी नुसत्या वाकल्या तरी काल उरलेला माल गुपचूप मागे सरकायचा.

मग त्या विसरू लागल्या. आधी गॅस, मग नातवाचं नाव, मग मी. "तू कोण गो? खयची?" रोज सकाळी नव्यानं विचारायच्या आणि मी रोज नव्यानं खचायचे. माशाच्या तेलानं मेंदूला फायदा होतो असं कुणीतरी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "द्यायच्या तर द्या, पण फार आशा ठेवू नका." मी पहिलं अर्धं वाक्यच ऐकलं. सर्वांत मोठी बाटली आणली आणि द्यायची विसरू नये म्हणून ओट्यामागच्या खिडकीत ठेवली. आमच्या नव्या टॉवरमध्ये तिथे दुपारभर ऊन असतं.

सुरुवातीला त्या मुकाट घेत. काही महिन्यांनी गोळी चावून थुंकायला लागल्या. "कुसको बांगडो! माका नको." सडका बांगडा, मला नको. मला वाटलं, हाही भ्रमच. मी लाडीगोडी लावली, ओरडले, आणि एका सकाळी... हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मी त्यांचं नाक दाबलं, तोंड उघडल्यावर गोळी आत सारली आणि गिळेपर्यंत जबडा धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांनी परत एकदा, एकदाच, नावानं हाक मारायला हवी होती. त्यानंतर रोज तसंच चाललं, त्या जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

तेराव्यानंतर महेश म्हणाला, "माझं कोलेस्टेरॉल वाढलंय ना, मीच संपवतो त्या." खिडकीतल्या बाटलीतली गोळी त्यानं तोंडात टाकली, चुकून चावली आणि सिंककडे धावला. "पार खवट झालंय हे! तुला वास नाही आला?"

"आला ना. माशाचा."

दादरहून आणलेली बाटली पिशवीतच होती. मी ती उघडली, एक गोळी सुईनं फोडून हुंगली. जवळजवळ वासच नव्हता. मग खिडकीतली एक फोडली. माझ्या गिरगावच्या नाकालाही कळलं. मी ओट्याशी खाली बसले आणि हंबरडा फोडला.

म्हणजे आई तिथेच होत्या. नावगाव सगळं गेलं तरी मासळीचं नाक शाबूत होतं. मी ज्या बाईला शोधत होते ती रोज सकाळी माझ्याशी खरं तेच बोलत होती, आणि मी तिचं तेच नाक दाबत होते. महेश म्हणतो, तू तिच्या भल्यासाठीच केलंस. असेल. पण तेवढ्यानं मला झोप लागत नाही.

जुनी बाटली मी त्याला टाकू दिलेली नाही. ती अजून खिडकीतच आहे. त्यांच्या गोळीच्या वेळेला मी रोज झाकण उघडून नाक लावते.

कुसकोच आहे, आई.