काकांचं गाऱ्हाणं

लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका रोज संध्याकाळी एक मालिका बघतात. मुलगी मराठी, मुलगा तमिळ, जात वेगळी आणि मुलीचा बाप हट्टी. काका टीव्हीलाच दम देतात, "ह्या बापाशीक कोणतरी समजवा रे." जाहिरात लागली की तोच राग आमच्यावर निघतो.

चाळीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते मागणं मागतात आणि आम्ही डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणतो. नीट ऐकतो कोण?

यंदाच्या पूजेला शेजाऱ्यांची मुलगी नवऱ्याला घेऊन आली. जातीबाहेर लग्न केल्यापासून बाप तिच्याशी बोलत नव्हता. आताही तो तिच्याकडे न बघता हात जोडून उभा राहिला.

काकांनी नारळ हातात घेतला. नळाचं पाणी, पोरांच्या नोकऱ्या, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं मागून झालं. मग त्याच सुरात म्हणाले, "आमच्या चेडवान पसंतीन लगीन केल्यान हा. तेंचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. बापाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्यानं दचकून डोळे उघडले, तोवर काकांनी नारळ फोडलाही होता.

"देवासमोर व्हय म्हटलंस," काका त्याला म्हणाले. "आता जावयाक चाय दी."